इन्व्हर्टर तापतो म्हणून ट्रान्सफॉर्मर बदलला, आणि घरातलं तांबं गेलं

उन्हाळा लागला की इन्व्हर्टर दुरुस्त करणाऱ्यांची चलती असते. त्यातला कुणी "ट्रान्सफॉर्मर गेला, वर्कशॉपला न्यावा लागेल" असं म्हणाला, तर मशीन दाराबाहेर जाऊ देण्याआधी पुढचं वाचा.

आम्ही अकोल्याचे. मी घरूनच अकाउंटचं काम करते. दहा बाय दहाची खोली, त्यात टेबल, कॉम्प्युटर आणि कोपऱ्यात इन्व्हर्टर नि दीडशे एएचची ट्यूब्युलर बॅटरी. मे महिन्यात बाहेर पारा 44 च्या पुढे, आणि आत तो कोपरा भट्टीसारखा. इन्व्हर्टरवर हात ठेववत नव्हता. 31 तारखेला टीडीएस रिटर्नची मुदत, त्यामुळे मशीन बंद ठेवायची सोयच नाही. नेटवर 'कंपनीचं सर्व्हिस सेंटर' म्हणून दिसलेल्या नंबरवर फोन केला. तासाभरात माणूस हजर, अंगात कंपनीचं नाव छापलेला टीशर्ट.

त्याने बॅटरीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. इन्व्हर्टरचं झाकण उघडलं, वास घेतल्यासारखं केलं आणि म्हणाला, "मॅडम, वाइंडिंग जळतंय. आज नाही बदललं तर आग लागेल." (वाइंडिंग म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर गुंडाळलेली तार.) आग म्हटल्यावर सासूबाईंनी लगेच मान डोलावली. मशीन गेलं, दुसऱ्या दिवशी परत आलं. 4,800 रुपये यूपीआयने दिले. हातात काय, तर वहीच्या कागदावर 'ट्रान्सफॉर्मर चेंज'. जुना भाग मागितला तर "तो स्क्रॅप, कंपनीत जमा होतो."

उष्णता कमी व्हायची राहिली बाजूला, मशीन आधीपेक्षा जास्त तापायला लागलं आणि घुं घुं आवाजही वाढला. फोन केला तर, "उन्हाळा आहे मॅडम, गरम होणारच." पुढे नंबर ब्लॉक.

शेवटी दिराच्या ओळखीच्या, मोटारी रिवाइंड करणाऱ्या काकांकडे मशीन नेलं. ट्रान्सफॉर्मर हातात घेताच ते म्हणाले, "हा हलका आहे." तांबं ॲल्युमिनियमच्या तिपटीहून जड, त्यामुळे रोज हाताळणाऱ्याला तराजू लागत नाही. त्यांनी वरचा कागद सोलला आणि तारेवर ब्लेड फिरवलं. वरून तार छान तांबूस दिसत होती. तारेवरच्या इनॅमलचा, म्हणजे वरच्या पातळ लेपाचा, तो रंग खरवडून निघाला आणि खाली पांढरी चकचकीत तार. आमच्या मशीनच्या खोक्यावर 'कॉपर ट्रान्सफॉर्मर' असं ठळक छापलंय. म्हणजे मूळचा धडधाकट तांब्याचा काढून नेला, भंगारात त्याला चांगला भाव, आणि बदल्यात हा बसवला.

ॲल्युमिनियम असणं हीच फसवणूक, असं मात्र नाही. स्वस्त इन्व्हर्टरमध्ये ते कंपनीतूनच येतं, आणि तार जाड वापरली तर चालतंही. पण तांब्याच्या मापाच्या गाभ्यात तेवढ्याच जाडीची ॲल्युमिनियमची तार गुंडाळली की रोध साधारण 1.6 पट होतो, आणि तेवढ्याच पटीत तारेतली उष्णता वाढते.

मग मुळात तापत काय होतं? काकांनी हायड्रोमीटर, म्हणजे बॅटरीतल्या ॲसिडची घनता (ग्रॅव्हिटी) मोजायची नळी, मागवला. बॅटरीच्या सहापैकी पाच सेलची ग्रॅव्हिटी 1230 च्या आसपास, सहाव्यात नळीतला तरंगता भाग वर यायलाच तयार नाही. एक सेल मेला की बॅटरीचं व्होल्टेज पूर्ण वर चढत नाही, आणि चार्जरला वाटतं की ती अजून रिकामीच आहे. तो दिवसरात्र करंट ढकलत राहतो. 14 व्होल्टला 15 अँपिअर म्हणजे दोनशे वॅटच्या वर, आणि हे सगळं त्या बंद खोलीत उष्णता आणि वायू होऊन बाहेर पडतं. पाणी दर पंधरवड्याला खाली जात होतं, बॅटरीजवळ सडक्या अंड्यासारखा वास येत होता. दोन्ही खुणा त्या टीशर्टवाल्यासमोर होत्या. बॅटरी वॉरंटीत होती, तिच्यात त्याला काहीच सुटणार नव्हतं. माझ्या मते म्हणूनच त्याने तिला हात लावला नाही.

बॅटरी दुकानातून बदलून मिळाली. काकांनी तांब्याचं वाइंडिंग करून दिलं, बिलावर वजन लिहून. इन्व्हर्टर आणि बॅटरी आता मागच्या सावलीच्या पॅसेजमध्ये आहेत. हलवायचं तर दोन्ही एकत्र हलवा. बारा व्होल्टच्या केबलमधून सत्तर-ऐंशी अँपिअरपर्यंत करंट जातो, ती लांबवली की केबलच तापते. लांबवायची ती घराकडची 230 व्होल्टची वायर. वायफायच्या राउटरला छोटा डीसी यूपीएस लावला, आता तो इन्व्हर्टरवर नाही.

अजून कुणाचं असं झालं असेल तर कंपनीचा नंबर खोक्यावरचा किंवा वॉरंटी कार्डावरचाच घ्या. झाकण आपल्यासमोर उघडायला लावा, आतल्या ट्रान्सफॉर्मरचा फोटो काढा, ट्रान्सफॉर्मरवरच मार्करने सही करा. मशीन बाहेर नेलंच तर जुना भाग परत मिळेल असं आधी लिहून घ्या. खरा मेकॅनिक याला नाही म्हणत नाही.

1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. पण चिठ्ठीवर ना दुकानाचं नाव, ना जीएसटी नंबर, आणि यूपीआयमध्ये दिसतं ते भलत्याच कुणाचं तरी नाव. तक्रार नेमकी कुणाविरुद्ध, इथेच सध्या घोडं अडलंय.