चौकोनी मिनार आणि ३६,७९९ रुपये ५४ पैसे

मोरोक्कोतली खोली बुक करताना मी फसले, त्यात किती गेले तो आकडा आधी सांगते. ३६,७९९ रुपये ५४ पैसे. ३८० युरो, कार्डाचा दर ९३ रुपये, त्यावर साडेतीन टक्के मार्कअप (परकीय चलनासाठी बँक लावते ते जादा शुल्क), आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी. पैशांपर्यंत हिशेब पाठ आहे, कारण मी २६ वर्षं बँकेत नोकरी केली. हो, बँकेत. हसा. घरचे हसून दमले आता.

मार्चमध्ये आम्ही चौघं मोरोक्कोला गेलो. मी, आमचे हे, नणंद आणि तिचे यजमान. फेस शहर बघून झाल्यावर तीन रात्री शेफशाउएन. रिफ डोंगरातलं ते निळं गाव, फोटो सगळ्यांनीच पाहिलेत. १४७१ साली कसब्याभोवती, म्हणजे किल्ल्याभोवती, वसलं, पुढे स्पेनमधून परागंदा झालेले मुसलमान आणि ज्यू तिथे येऊन राहिले. जुन्या गावाला मदिना म्हणतात. आत गाडी जात नाही. सगळा चढ आणि पायऱ्या.

तर राहायचं कुठे, यावर आमच्याकडे दोन आठवडे खल चालला होता. यांचं म्हणणं, खाली नव्या गावात बसस्टँडजवळ साधं हॉटेल घेऊ, पावती मिळते. नणंदेला रास एल मा हवं होतं, गावाच्या वरच्या टोकाला झरा आहे तिथे. आणि मला हवा होता उता एल हम्माम चौक. एका बाजूला कसबा, शेजारी मोठी मशीद, समोर चहाची दुकानं. ‘एवढं लांब जाऊन बसस्टँडपाशी राहायचं?’ हे माझं वाक्य. आता घरात कुठल्याही खरेदीच्या वेळी ते मला परत ऐकवलं जातं.

एका नावाजलेल्या बुकिंग साइटवर चौकाला लागून एक ‘दार’ सापडलं. दार म्हणजे आपल्या वाड्यासारखं, मधे चौक असलेलं घर. चौकात बाग असली की रियाद. (पुष्कळजण नुसत्या दाराला रियाद म्हणून भाव वाढवतात, तेही लक्षात ठेवा.) दोन खोल्या, तीन रात्री, ४,५६० दिरहम (तिथलं चलन). बुक केलं. दुसऱ्या दिवशी ‘मालका’चा व्हॉट्सॲप. पुढचं तुम्हाला माहीतच आहे. साइट फार कमिशन खाते, तिथलं रद्द करा, मला थेट द्या, ३८० युरोत देतो, गच्चीवर नाश्ता फुकट. लिंक आली, ओटीपी आला, ओटीपी मी माझ्या हाताने टाकला. पाच-साडेपाच हजार वाचवले म्हणून त्या दिवशी मी स्वतःवर खूश होते.

मी अगदीच बावळट नाही, एवढं म्हणू द्या. जाहिरातीखाली चांगल्या अभिप्रायांची रांग होती. तो इंग्रजी नीट लिहीत होता. पासपोर्टचे फोटो मागितले तेव्हा तर उलट विश्वास बसला, कारण मोरोक्कोत प्रत्येक मुक्कामी पोलिसांसाठीचा फॉर्म भरून घेतात हे मी वाचलेलं होतं. पण तो फॉर्म तिथे पोचल्यावर, समोर बसून भरायचा असतो. आधी फोटो कुणालाही पाठवू नका. आमचे चार पासपोर्ट आता त्याच्या फोनमध्ये आहेत, आणि त्या विचाराने पैशांपेक्षा जास्त झोप उडते.

आता तो फोटो. ‘आमच्या गच्चीवरून दिसणारी मोठी मशीद’ असं खाली लिहिलेलं. दोनच दिवस आधी मी नणंदेला मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, की मोरोक्कोत मिनार बहुतेक चौकोनी असतात, पण शेफशाउएनच्या मोठ्या मशिदीचा अष्टकोनी आहे, तीच त्याची ओळख. तिने फोटो पाहिला आणि म्हणाली, ‘वहिनी, हा तर चौकोनी दिसतोय.’

आणि मी काय म्हणावं? ‘अगं, फोटोच्या कोनामुळे तसं वाटतं.’

आठ कोनांचे चार झाले, कोनामुळे! २६ वर्षं मी चेकवरच्या सह्या तपासल्या. एखाद्या ‘क’ची गाठ सुटलेली दिसली तर चेक परत पाठवलाय, समोर कितीही ओळखीचा खातेदार असो. आणि इथे अख्खा मिनार बदललेला दिसत असून सही मान्य करून टाकली. कारण मला तो फोटो खरा हवा होता. रात्री दोन वाजता जाग येते तेव्हा ३८० युरो आठवत नाहीत, नणंदेचं ते वाक्य आठवतं. तिने नंतर एकदाही उगाळलं नाही, त्याचाच जास्त त्रास होतो.

१४ मार्चला फेसहून बसने चार-साडेचार तासांनी उतरलो तेव्हा पाऊस. तिथल्या छोट्या टॅक्सीत तीनच माणसं बसतात, म्हणून आम्हाला दोन कराव्या लागल्या. बाब एल ऐन दरवाजाशी सोडलं, पुढे सामान ओढत चढ. चाकांच्या सुटकेस तिथे नेऊ नका, पाठीवरच्या पिशव्या न्या. पत्त्यावर एक गालिच्यांचं दुकान. दुकानदाराने फोटो पाहिला आणि मान हलवली. ही गच्ची इथली नाही, हा मिनारही इथला नाही. बोट वर केलं. समोर अष्टकोनी मिनार, भिजत उभा.

‘मालका’चा नंबर बंद.

मग व्हायचं तेच. एक पोरगा धावत आला, काकाचं गेस्टहाऊस आहे म्हणाला. दोन खोल्या, एक रात्र, १,८०० दिरहम, शिवाय सामानाचे २००. दिले. चार ओली माणसं घासाघीस करत नाहीत. खोलीत हीटर नव्हता. डोंगरातलं गाव आहे, मार्चमध्ये रात्री कडक थंडी असते, बुक करताना हीटर आहे का ते लेखी विचारा. सकाळी दोन गल्ल्या सोडून, गच्ची आणि हीटर दोन्ही असलेली खोली ३५० दिरहमला मिळाली. पर्यटन-कर वेगळा, रोख. तिथली बाई सामान आत घ्यायच्या आधी खोली दाखवत होती. बस, एवढंच बघायचं होतं. पहिली रात्र साइटवरून, तिथलं बुकिंग तिथेच ठेवून, आणि उरलेल्या रात्री जागा डोळ्यांनी बघून.

आता तक्रारीचं ऐका. तिथल्या पोलिसांनी निदान बसायला खुर्ची दिली. त्या भागात फ्रेंचइतकीच स्पॅनिश चालते, इंग्रजी फार नाही. यांनी फोनवरच्या भाषांतराने तासभर किल्ला लढवला. अरबीत एक कागद मिळाला. साइटवाल्यांचं उत्तर आलं की बुकिंग तुम्हीच रद्द केलंत, त्यामुळे आमच्या लेखी व्यवहारच नाही. बरोबर आहे, म्हणून तर तो रद्द करायला लावतो! तुम्हाला कुणी तसं सांगितलं की तिथेच फोन खाली ठेवा.

परत आल्यावर आमच्या भागातल्या पोलीस ठाण्यात गेले. गुन्हा परदेशात घडला म्हणाले. मी म्हटलं, पैसे माझ्या स्वयंपाकघरात बसून गेले. मग सायबरचं टेबल वेगळं, ते साहेब सोमवारी. सोमवारी साहेब बंदोबस्ताला. (१९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, फोन पैसे जाताक्षणी करायचा असतो. मला कळलंच ३१ दिवसांनी.)

आणि कार्ड देणारी बँक, माझी नव्हे, दुसरी. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, ‘मॅडम, ओटीपी तुम्हीच दिलाय, आता काही होत नाही.’ हेच वाक्य, ह्याच आवाजात, मी आतून किती जणांना ऐकवलं असेल! त्याला समजावलं की मी अनधिकृत व्यवहार म्हणतच नाहीये, पैसे घेऊन सेवा दिली नाही अशी तक्रार आहे, तिचा फॉर्म वेगळा असतो. त्याला असा फॉर्म असतो हेच ठाऊक नव्हतं. तिसऱ्या फेरीत फॉर्म निघाला. मग त्यांनी पुरावा मागितला: खोली दिली नाही असं मालकाचं लेखी पत्र. म्हणजे चोराकडून चोरी केल्याचा दाखला आणा. तो नसेल तर पोलिसांचा कागद, पण इंग्रजीत. अरबीचा भाषांतरकार शोधला, २,४०० रुपये दिले. आता त्यावर शिक्का हवा म्हणतात. कुणाचा, ते दोन खिडक्यांवर दोन वेगवेगळं सांगतात.

अशा तक्रारीला कार्ड कंपन्यांच्या नियमात साधारण १२० दिवसांची मुदत असते. त्यातले ८३ गेले. उद्या साडेदहाला परत जायचंय, हे सोबत येतो म्हणतायत. बसस्टँडचा विषय काढायचा नाही, या अटीवर.