‘आलो’ की ‘आले’? : एका विनामानधन त्रैमासिकाचा अनुभव

गेल्या वर्षभरात मी एका त्रैमासिकाला लेखांचे तीन प्रस्ताव पाठवले. एक लेख छापून आला, एक प्रस्ताव परत आला आणि तिसरा आज सकाळी पाठवलाय. ट्रान्स स्त्रियांनी लिहिलेली पुस्तकं आणि ती पुस्तकं छापणारे लोक, या विषयावर ते लेख मागवतात. सगळं काम हौसेचं. संपादकांना पगार नाही, लिहिणाऱ्याला मानधन नाही. नाव इथं देत नाही, कारण मला तक्रारीही सांगायच्या आहेत आणि नोकऱ्या सांभाळून रात्री जागून हे करणारी चारच माणसं आहेत ती.

मी बेळगावच्या शहापुरात राहते. गणपत गल्लीजवळच्या एका डीटीपीच्या दुकानात टायपिंग करते. लग्नपत्रिका, मंडळांची पावतीपुस्तकं, उताऱ्याचे अर्ज. मराठी आणि कन्नड दोन्ही. मी ट्रान्स स्त्री आहे. शाळा मराठी, पण कन्नडही शाळेतच शिकले आणि पुढं दुकानानं पक्कं करून घेतलं.

याआधी एका साप्ताहिकाला पुस्तकांवरचा लेख दिला होता. छापून आला तेव्हा मथळा होता ‘एका तृतीयपंथीयाची व्यथा’. पुस्तकांबद्दलचे परिच्छेद जवळजवळ सगळे गाळलेले, साडीतला फोटो मोठा आणि कंसात माझं जुनं नाव. ओळखीसाठी म्हणून आधारची झेरॉक्स मागितली होती, तिच्यावरून ते उचललेलं. दोन दिवस मी दुकानात गेले नाही. म्हणून या त्रैमासिकाला पहिला प्रस्ताव पाठवताना हात मागं-पुढं होत होता.

प्रस्ताव एका पानात मागतात, अडीचशे शब्दांपर्यंत. विचारतात ते एवढंच: कोणत्या पुस्तकांवर लिहिणार, ती तुम्ही स्वतः कोणत्या भाषेत वाचलीत, आणि लेखावर नाव कोणतं छापायचं. नावासाठी कागद मागत नाहीत. स्वतःच्या आयुष्याची कहाणी मागत नाहीत. या दुसऱ्या गोष्टीचं मोल किती, ते ज्यांना दर वेळी कहाणी सांगूनच दारातून आत यावं लागतं त्यांना कळेल.

माझा पहिला प्रस्ताव क्रियापदावर होता. ट्रान्स लेखिका ए. रेवती यांनी आपलं आयुष्य तमिळमध्ये लिहिलं. व्ही. गीता यांनी केलेला इंग्रजी अनुवाद पेंग्विननं २०१० मध्ये काढला आणि मूळ तमिळ पुस्तक ‘वेळ्ळै मोळि’ त्याच्यानंतर, २०११ मध्ये आलं. ज्या भाषेत लिहिलं तीच भाषा रांगेत मागं. मी ते कन्नडमध्ये वाचलं, दु. सरस्वती यांच्या अनुवादात, ‘बदुकु बयलु’. वाचताना मनात मराठी करत गेले आणि पहिल्याच पानाला अडले. कन्नडमध्ये ‘नानु बंदे’, बाई म्हणो की बुवा. तमिळमध्येही ‘मी’चं क्रियापद तसंच, इंग्रजीतही तसंच. मराठीत मात्र ओळीओळीला ठरवावं लागतं, ‘मी आलो’ की ‘मी आले’. मूळ लेखिकेला जो प्रश्न पडलाच नव्हता, तो मराठी अनुवादकाला दर वाक्याला पडणार.

आणि आमच्या भागातली गंमत अशी की इथल्या बायका स्वतःबद्दल बोलताना सर्रास पुरुषी क्रियापद वापरतात. आई बाजारातून आली की पिशवी टेकवत म्हणते, ‘आलो गं बाई, काय ऊन हे!’ आजी म्हणायची, ‘मी जेवलो, तुम्ही बसा.’ कोल्हापूर, निपाणी, बेळगाव, कुठंही ऐका. लहानपणी मी ‘आलो’ म्हणायची, आईही ‘आलो’ म्हणायची. त्या एका शब्दात आम्हा दोघींत काही फरक नव्हता. मग शाळेत बाईंनी बहिणीला ‘आले म्हण’ म्हणून शिकवलं आणि मला ‘आलो’वरच ठेवलं. भाषेनं आम्हाला वेगवेगळ्या बाकांवर बसवलं ते त्या दिवशी.

नऊ दिवसांत संपादकबाईंचा फोन आला. सव्वा तास बोलल्या. कौतुक दोन मिनिटं, बाकी सगळे प्रश्न. कन्नड अनुवादात संवाद कसे आहेत? मराठीत आधीच जे आहे त्याचं काय? त्यावर मी लेखात दोन पुस्तकं आणली. ‘मी हिजडा... मी लक्ष्मी!’ २०१२ मध्ये आलं, लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचं आयुष्य आणि शब्दांकन वैशाली रोडे यांचं. दिशा पिंकी शेख यांचा ‘कुरूप’ हा कवितासंग्रह मात्र त्यांच्याच हातचा. शब्दांकन वाईट असं मी म्हणत नाही. ते नसतं तर मराठीत पहिली वाट पडायला अजून वेळ लागला असता. पण बोलणारी एक आणि लिहिणारी दुसरी असली, तर शेवटी क्रियापद कोण ठरवतं, हे विचारायलाच हवं. ‘हे वाक्य घाबरत लिहिलंय, सरळ लिहा,’ असं बाईंनी समासात लिहून पाठवलं. माझ्या लिहिण्याकडं इतकं बारकाईनं आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

आता तक्रार. पहिलं प्रूफ आलं आणि माझ्या पोटात गोळा आला. आईच्या आणि आजीच्या तोंडचे सगळे ‘आलो’, ‘जेवलो’, ‘गेलो’ कुणीतरी ‘आले’, ‘जेवले’, ‘गेले’ करून टाकलेले. सात ठिकाणी. लेखाचा जीवच त्या सात शब्दांत होता. प्रूफ पाहणाऱ्यानं लेख न वाचता फक्त शब्द वाचले होते. रात्री दहाला मी फोन केला, आवाज चढला माझा. दुसऱ्या दिवशी सातही शब्द जागेवर आले, पण खाली तारांकित टीप: ‘बेळगाव परिसरातील बोलीनुसार’. ती काढा म्हटलं. पुण्याच्या बोलीला कुणी टीप देत नाही. काढली, आणि त्या मुलानं स्वतः फोन करून ‘ताई, चुकलं माझं’ म्हटलं.

छापील प्रती दोनच मिळतात, त्याही साध्या टपालानं. माझ्या एका प्रतीचा कोपरा भिजून आला. चांगली होती ती आईला दिली. चष्मा लावून, ओळीवर बोट ठेवत तिनं वाचलं आणि मध्येच थांबली. ‘हे मी म्हटलो होतो की!’

दुसऱ्या प्रस्तावाच्या वेळचा अनुभव मात्र चांगला नाही. विषय होता प्रकाशनाचा. अमेरिकेत टॉपसाइड प्रेस नावाच्या छोट्या प्रकाशनानं २०१३ मध्ये इमोजेन बिनी यांची ‘नेव्हाडा’ ही कादंबरी काढली. पुढं प्रकाशन बंद पडलं, पुस्तक मिळेनासं झालं, पण वाचकांनी त्याची पीडीएफ हातोहात फिरवून ते जिवंत ठेवलं. २०२२ मध्ये ते एका मोठ्या प्रकाशनानं पुन्हा छापलं. टोरी पीटर्स यांनीही आधी छोट्या कादंबरिका स्वतःच काढल्या. मग २०२१ मध्ये मोठ्या प्रकाशनाकडून ‘डीट्रान्झिशन, बेबी’ आली. टॉपसाइडच्याच एका कथासंग्रहाची नवी आवृत्ती कॅसी प्लेट आणि कॅट फिट्झपॅट्रिक यांनी आपलं ‘लिटलपुस प्रेस’ काढून आणली.

उत्तराला बावन्न दिवस लागले आणि आलं ते दोन ओळींत: माहिती चांगली, पण मराठी वाचकाला यात काय? मला हे पटलं नाही, अजूनही पटत नाही. माझ्या दुकानात दर महिन्याला एखादा कवी पदरचे पैसे घालून दोनशे प्रती काढायला येतो. कडोलीच्या, येळ्ळूरच्या साहित्य संमेलनात त्या टेबलावर मांडतो. मोठ्या प्रकाशकानं दार उघडलं नाही तर पुस्तक कसं जगवायचं, हा आमचा रोजचाच प्रश्न आहे. प्रकाशनावर लेख हवेत असं मागणीपत्रकात लिहायचं आणि आलेला प्रस्ताव असा परत करायचा, हे बरोबर नाही. पहिल्या वेळी झाला तसा एक फोन झाला असता तर मी हेच त्यांना सांगितलं असतं. पाठवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं: बाई स्वतः पाहतात तेव्हा काम वेगळं होतं, दुसऱ्या कुणाकडं गेलं की वेगळं. पैशाची गरज असेल तर इकडं येऊ नका. लेखावर बसून काम करणारं माणूस हवं असेल तर जरूर पाठवा.

तिसरा प्रस्ताव बी. मंजम्मा जोगती यांच्यावर आहे. कर्नाटक जानपद अकादमीच्या, म्हणजे लोककलांच्या सरकारी संस्थेच्या अध्यक्षपदी बसलेली पहिली ट्रान्स स्त्री, २०२१ ची पद्मश्री. त्यांचं आत्मकथन कन्नडमध्ये आहे. सौंदत्तीची यल्लम्मा आमच्याच जिल्ह्यातली. ‘जग’ म्हणजे देवीची टोपली डोक्यावर घेतलेल्या, यल्लम्माला वाहिलेल्या जोगतिणी मी लहानपणापासून दारात पाहिल्यात, आईनं त्यांच्या परडीत पीठ घातलेलं पाहिलंय. मराठीत जोगत्या-जोगतिणींच्या या दुनियेबद्दल राजन गवस यांनी ‘भंडारभोग’ ही कादंबरी लिहिली, पोटतिडकीनं लिहिली. आता त्या दुनियेतल्या बाईनं स्वतः सांगितलेलं शेजारी ठेवून वाचायचंय मला. २३० शब्द झाले. कन्नड उताऱ्यांचं प्रूफ मीच पाहणार, हे प्रस्तावातच लिहून टाकलंय.