घरातलं यंत्र बिघडलं : स्वतः उघडायचं, ओळखीचा मेकॅनिक बोलवायचा, की कंपनीचा माणूस?

आमच्या सिंगल डोअर फ्रिजच्या भाजीच्या ट्रेखाली रोज सकाळी पाणी साचायला लागलं, तेव्हा मी आधी कंपनीला फोन केला. दोन दिवसांनी माणूस आला. दार उघडून बघितलं, मागे टॉर्च मारला आणि म्हणाला, "मॅडम, कार्ड गेलंय, बदलावं लागेल." कार्ड म्हणजे आतला सर्किट बोर्ड. त्याचे चार हजारांच्या वर आणि व्हिजिटचे वेगळे. विचार करून सांगते म्हटलं. संध्याकाळी आमच्या भागातले मेकॅनिक काका वाटेत भेटले. त्यांनी एकच विचारलं, "थंड नीट होतोय ना?" होत होता. बर्फही जमत होता. "मग कार्डाचा काय संबंध? पाणी जायचं भोक बुजलं असेल."

रात्री प्लग काढला. फ्रीझरखालच्या ट्रेच्या मागे, भिंतीला लागून एक बारीक भोक असतं, त्यातून विरघळलेल्या बर्फाचं पाणी नळीवाटे मागच्या ताटलीत जातं. भोकाच्या तोंडाशी कोथिंबिरीचं काळं पडलेलं पान आणि बुळबुळीत गाळ होता. औषधाच्या सिरिंजने, सुई काढून, कोमट पाणी सोडलं. तीनदा ते तसंच परत वर आलं. चौथ्यांदा मागून, कंप्रेसरजवळच्या ताटलीत पाणी पडल्याचा आवाज आला. तेवढंच काम होतं.

यावरून कंपनीवाले फसवतात असं मी म्हणणार नाही, आणि सगळं घरीच करा असंही नाही. मला जे कळलं ते इतकंच की काय बिघडलंय याचा अंदाज घ्यायचं काम दुसऱ्यावर सोडायचं नाही. काम कोणीही करो, अंदाज घरचा हवा. तो एकदा आला की तिघांपैकी कोणाला बोलवायचं हे बहुतेक वेळा आपोआप ठरतं.

प्लग काढल्यावर काय उरतं?

मी पहिला प्रश्न हाच विचारते. मिक्सरचा प्लग काढला की तो निर्जीव होतो, मग तुम्ही त्याला निवांत उलटा करा. मायक्रोवेव्हचं तसं नाही. त्याच्या आतला मोठा कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून ठेवणारा भाग, दोन हजार व्होल्टच्या वर काम करतो आणि प्लग काढल्यावरही भरलेला राहू शकतो. वरचं झाकण उघडून तिथे हात लागला तर जीव जाऊ शकतो. त्यामुळे मायक्रोवेव्हमध्ये आपण काचेची थाळी, तिच्याखालची चाकं आणि आतली स्वच्छता, एवढंच बघायचं. स्क्रू एकही काढायचा नाही.

फ्रिज आणि एसीमध्ये प्लग काढल्यावरही गॅस उरतो. हल्लीच्या बऱ्याच घरगुती फ्रिजमध्ये आर-600ए असतो, म्हणजे आयसोब्युटेन, आणि तो पेट घेतो. म्हणून त्याच्या नळ्यांचं वेल्डिंग शिकलेल्या माणसानेच करायचं. आणि फ्रीझरमधला बर्फ सुरीने कधीही खरवडू नका. खालच्या पत्र्यातच गॅसच्या नळ्या असतात. एक भोक पडलं तर दुरुस्तीचा खर्च ऐकून नवा फ्रिज बरा वाटतो.

गॅस गीझर तर या चर्चेत घ्यायचाच नाही. बंद बाथरूममध्ये कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साठतो, त्याला वास नसतो, रंग नसतो. तिथे हवा खेळती ठेवणं हे आपलं काम, बाकी सगळं जाणकाराचं.

जिथे स्वतःचा हात सरस

छताचा पंखा हळू फिरतो, किंवा नुसता गुणगुणतो आणि काठीने ढकलला की सुरू होतो, अशी तक्रार असेल तर दहापैकी आठ वेळा कपॅसिटर, म्हणजे दुकानातल्या भाषेत कंडेन्सर, कमजोर झालेला असतो. साध्या पंख्यात तो बहुतेक 2.5 मायक्रोफॅरडचा असतो, काहींत 3.15 चा. जुन्यावर आकडा छापलेला असतो. तोच आकडा आणि तेवढेच व्होल्ट मागायचे, जास्तीचा लावून पंखा जोरात फिरवायचा प्रयत्न करायचा नाही. किंमत शंभराच्या आत. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लोहार चाळीत गेलात तर पर्याय भरपूर मिळतील, पण कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातही हा असतोच.

यात एक काळजी अशी घ्या की भिंतीवरचं बटण बंद करून भागत नाही. जुन्या घरांत कधी कधी बटण न्यूट्रलवर जोडलेलं असतं. पंखा थांबतो, पण वायरमध्ये करंट राहतो. त्यामुळे मेन बोर्डातला एमसीबी, म्हणजे त्या भागाची वीज तोडणारा खटकाच, खाली पाडायचा, मग टेस्टर लावून खात्री करायची, आणि स्टूल धरायला कोणीतरी हवं. जुन्या कंडेन्सरच्या तारा कुठे होत्या त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. उंचीची भीती वाटत असेल तर सरळ वायरमनला बोलवा. पण बोलावताना "कंडेन्सर बदलायचाय" असंच सांगा, "पंखा बिघडलाय" असं नको. त्या एका शब्दाने बिलात फरक पडतो.

एवढं मात्र लक्षात घ्या, की हे सगळं जुन्या पद्धतीच्या पंख्याचं झालं. रिमोटवर चालणाऱ्या बीएलडीसी पंख्यात वेग सांभाळायला सर्किट बोर्ड असतो. तो पंखा वीज कमी खातो, पण बोर्ड गेला तर घरी करण्यासारखं काही नाही. वॉरंटी किती वर्षांची आहे हे तो घेतानाच बघा.

मिक्सर अचानक बंद पडला तर बुडाशी एक लाल बटण असतं. ओव्हरलोड झाला की ते बाहेर येतं. दहा मिनिटं मोटार थंड होऊ द्या आणि दाबा. गौरीजेवणाच्या सकाळी पुरण वाटताना बंद पडलेले किती मिक्सर नुसत्या या बटणासाठी दुकानात जातात! मोटार फिरते पण पातं फिरत नाही, तर कपलर, म्हणजे मोटारीला भांड्याच्या पात्याशी जोडणारा दातेरी तुकडा, झिजलाय. तो घरी बदलता येतो, फक्त आट्यांची दिशा बघा. मोटार ज्या बाजूला फिरते त्याच बाजूला फिरवला की कपलर सुटतो. उलट बाजूला जोर लावाल तर आणखी घट्ट बसेल किंवा तुटेल. भांड्याच्या बुडातून काळपट पाणी गळायला लागलं तर तो बुश, म्हणजे पात्याच्या दांड्याभोवतीची कडी, गेल्याचा इशारा आहे. ते काम भांडी दुरुस्त करणाऱ्या दुकानात होतं, आणि ते लांबवू नका. तेच पाणी खाली मोटारीत उतरतं आणि मग खर्च वाढतो.

वॉशिंग मशीनमध्ये पाणी रडतरखडत भरतंय? नळाकडची नळी सोडवा, मशीनच्या तोंडाशी बारीक जाळी असते. बोअरच्या नाहीतर टँकरच्या पाण्यावर चालणाऱ्या सोसायट्यांत ती वाळूने गच्च भरते. जुन्या टूथब्रशने घासली की झालं. फ्रंट लोडमध्ये पाणी बाहेर जात नसेल तर खालच्या कोपऱ्यातलं झाकण उघडून ड्रेन फिल्टर काढायचा. आधी खाली परात ठेवा आणि शेजारची छोटी नळी सोडून पाणी काढून घ्या, नाहीतर सगळं पाणी पायावर. माझ्या हातात दोन रुपयांचं नाणं, केसाची पिन आणि बाळाचा एक मोजा आला होता.

जिथे ओळखीचा मेकॅनिक

वॉरंटी संपलेलं मशीन, आणि बिघाड मोटार, बेल्ट, ब्रेकची तार, हीटिंग एलिमेंट, थर्मोस्टॅट अशा ठिकाणी. माझ्या मते इथे चांगल्या मेकॅनिकला तोड नाही. कंपनीचा माणूस अख्खा भाग बदलतो, हा त्यातला पाच रुपयांचा तुकडा बदलतो. शिवाय उद्या परत बिघडलं तर तो त्याच रस्त्याने जाणार असतो.

पण चांगला ओळखायचा कसा? तो मल्टिमीटर लावून बघतो, नुसत्या आवाजावर निदान सांगत नाही. गेलेला भाग हातात देतो. काम सुरू करण्याआधी आकडा सांगतो. मोटार रिवाइंडिंगला न्यायची म्हणाला तर चिठ्ठी लिहून घ्या आणि तार तांब्याची घालणार का, हे स्पष्ट विचारा. ॲल्युमिनियमची स्वस्त पडते, पण त्याच जागेत बसवलेली ती लवकर तापते.

विजेचा गीझर मी याच गटात टाकते, स्वतःच्या गटात अजिबात नाही. 2000 वॉटचा गीझर जवळपास 9 अँपिअर करंट खेचतो, त्याला 16 अँपिअरचाच सॉकेट लागतो. आपण बघायचं ते एवढंच, की प्लग काळा पडलाय का, वायर गरम होतेय का. नळाला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर त्या क्षणी मेन स्विच बंद करा आणि दुरुस्त होईपर्यंत चालू करू नका. घरात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की वीज तोडणारा स्विच, नसेल तर बाकी कशाच्याही आधी तो बसवून घ्या. माझ्या लेखी या सगळ्या लेखातला सर्वांत मोलाचा खर्च तोच आहे.

एसीवाल्यांबद्दल एक. "दर वर्षी गॅस भरावा लागतो" हे खरं नाही. गॅस बंद नळ्यांत फिरतो, वापरून संपत नाही. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे. आधी गळती शोधा, मग भरा, असं ठणकावून सांगा.

जिथे कंपनीच

वॉरंटी चालू असेल तर दुसरा विचारच नको. सील तुटलं की हक्क गेला. मात्र कार्ड नीट वाचा. "कंप्रेसरवर 10 वर्षं" याचा अर्थ बहुतेक वेळा फक्त कंप्रेसर असा असतो, गॅस, मजुरी आणि नेण्या-आणण्याचे पैसे तुमचे. इन्व्हर्टर एसी, फ्रंट लोडचा बोर्ड, डिशवॉशर हेही कंपनीकडे द्यावं, कारण मूळ भाग बाहेर मिळत नाहीत. ग्राहक व्यवहार विभागाने 24 डिसेंबर 2022 रोजी 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल सुरू केलं, त्यात घरगुती उपकरणंही आहेत. कंपनीने दुरुस्तीची आणि सुट्या भागांची माहिती ग्राहकाला द्यावी हा त्यामागचा हेतू. प्रत्यक्ष अडलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे.

कंपनीचा नंबर इंटरनेटवर शोधून लावू नका. खोटे कस्टमर केअर नंबर टाकून ओटीपी मागणारे बरेच आहेत. वॉरंटी कार्डावरचा किंवा यंत्रावरच्या स्टिकरचाच घ्या.

वार्षिक करार करावा का?

हा प्रश्न मुख्यतः पाण्याच्या फिल्टरचा. आधी साधा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मीटर घ्या आणि नळाचं पाणी मोजा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस 10500) 500 मिलिग्रॅम प्रतिलिटरपर्यंत टीडीएस योग्य धरलाय. पालिकेचं पाणी त्याच्या बरंच खाली असेल तर आरओची, म्हणजे क्षार काढणाऱ्या फिल्टरची, गरजच तपासून बघा. फक्त एक ध्यानात ठेवा, मीटर क्षार सांगतो, जंतू सांगत नाही. आरओ आहेच, तर बाहेरची, गाळ अडवणारी पांढरी स्पनची कांडी घरी बदलता येते. नळ बंद करायचा, पान्याने वाटी फिरवायची, रबराची रिंग जागेवर बसली ना बघायचं. पूर्वी आमच्याकडे दर वेळी कराराच्या नावाखाली हीच कांडी बदलून जात होते. मेंब्रेनचं, म्हणजे आतल्या क्षार अडवणाऱ्या पडद्याचं, मात्र मीटर सांगतो. शुद्ध पाण्याचा आकडा महिन्यागणिक चढायला लागला की माणूस बोलवायचा. घरात कोणी आजारी असेल किंवा हे मोजायला कोणालाच वेळ नसेल, तर करार करा, पण त्यात मेंब्रेन धरलंय का ते लिहून घ्या.

सध्या आमच्या घरी आरओचा करार बंद आहे, वॉशिंग मशीन वॉरंटीत असल्याने कंपनीकडे, पंखे आणि मिक्सर माझ्याकडे. गीझर काकांना दिवाळीआधी उघडायला सांगितलाय. पाणी जड आहे, टाकीला गंजण्यापासून वाचवणारा मॅग्नेशियमचा रॉड किती उरलाय तो मला समोर बघायचाय.