पगार-पीएफचं काम: ऑफिसात माणूस ठेवायचा की एजन्सीला द्यायचं?

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) पंधरा-पंचवीस माणसांचं युनिट चालवणारे ओळखीतले बरेच जण हल्ली हेच विचारतात, म्हणून माझं मत आधीच सांगते: पगार, पीएफ, ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) खुशाल बाहेर द्या, बिलिंग आणि वसुली मात्र अजिबात देऊ नका.

खर्चाचं बघताना लोक एजन्सीची फी आणि अकाउंटंटचा पगार एवढंच शेजारी ठेवतात. पण वीस माणसं असतील तर त्याच्याही पगारावर मालकाचा 12 टक्के पीएफ येतो, बोनस येतो, पाच वर्षं झाली की ग्रॅच्युइटी येते. उलट एजन्सीच्या फीवरचा 18 टक्के जीएसटी तुम्हाला क्रेडिटमध्ये परत मिळतो, फक्त त्यांचं बिल तुमच्या 2बी मध्ये (समोरच्यांनी टाकलेल्या बिलांची जीएसटी पोर्टलवरची महिन्याची यादी) दिसायला हवं.

आता कामाचं. ईएसआय दहा माणसांपासून, पीएफ वीसपासून, इतपत सगळ्यांना माहीत असतं, पण जूनमध्ये पगार वाढून कोणी ईएसआयच्या महिना 21,000 च्या मर्यादेवर गेला तरी त्याचा ईएसआय सप्टेंबर अखेरपर्यंत कापायचाच असतो हे छोट्या ऑफिसात हमखास सुटतं आणि कामगाराचं दवाखान्याचं कार्ड अडतं. रोज तेच काम करणाऱ्या एजन्सीला हे सांगावं लागत नाही. दोन्ही भरायची शेवटची तारीख 15, आणि जानेवारीतली 15 म्हणजे वासी उत्तरायण, गुजरातेत संक्रांतीचा दुसरा दिवस, एकटा अकाउंटंट असेल तर तो सुट्टी घेणारच आणि घ्यावीच, एजन्सीकडे निदान दुसरं कोणीतरी असतं. उशीर महागात पडतो हो, कामगाराच्या पगारातून कापलेला पीएफ तारखेनंतर भरला तर त्याची वजावट इन्कम टॅक्समध्ये मिळणार नाही, असं सुप्रीम कोर्टानं ऑक्टोबर 2022 मध्ये पक्कं केलं होतं.

पण एक नीट ऐका, काम बाहेर गेलं तरी नोटीस तुमच्याच नावानं येते! मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती पीएफ-ईएसआयच्या पोर्टलवरच्या मोबाइल नंबरची, कारण कितीतरी ठिकाणी सोय म्हणून एजन्सीवाल्याचाच नंबर आणि ईमेल टाकलेला असतो, मग भांडण झालं की ओटीपी त्याच्याकडे आणि मालक बाहेर. नंबर तुमचाच ठेवा, दर महिन्याला भरलेलं चलान मागून घ्या, आणि कामगारांना उमंग या सरकारी अ‍ॅपवर आपलं पीएफचं पासबुक बघायला शिकवा, पैसे त्यांचे आहेत.

जीएसटीत मी अर्धं-अर्धं करीन. रिटर्न सीएकडे, पण 14 तारखेला 2बी आल्यापासून रिटर्नच्या 20 तारखेच्या आत कुठल्या पार्टीनं बिल टाकलं नाही म्हणून फोन करायचे ते काम पार्ट्यांना ओळखणाऱ्या घरच्याच माणसाचं. बिलिंगचंही तेच. टर्नओव्हर 5 कोटींच्या वर गेला असेल तर ई-इनव्हॉइसशिवाय (सरकारी पोर्टलवर नोंदवलेल्या बिलाशिवाय) माल निघत नाही, आणि संध्याकाळी उशिरा टेम्पो गेटवर उभा असताना एजन्सीचं ऑफिस बंद झालेलं असतं.

करार करताना टॅलीचा बॅकअप दर महिन्याला तुमच्याकडे येईल असं लिहूनच घ्या, जीएसटीची वह्या-बिलं वार्षिक रिटर्नच्या तारखेपासून 72 महिने सांभाळायची असतात आणि तेवढ्या काळात एजन्सी बदलू शकते.

दहाच्या खाली माणसं असतील तर एजन्सीची गरजच नाही, सीएकडचा मुलगा करून देईल. बाकीच्यांनी बदल एप्रिलपासून करा म्हणजे पगारावर कापलेल्या टॅक्सच्या वार्षिक दाखल्याचा घोळ होत नाही, आणि पहिला महिना पगार दोन्हीकडे काढून आकडे जुळतात का ते बघा.