‘सातशे दहा’च्या नावाखाली कमर्शियल प्लाय: वाद्यांचं कपाट घरी जोडणाऱ्यांनी आधी हे वाचा

दादरच्या एका गायनवर्गासाठी वाद्यांचं काचेचं कपाट घरीच जोडायचं, असं ठरलं होतं. सहा फूट उंच, चार फूट रुंद, बावीस इंच खोल. डाव्या बाजूला उभा तानपुरा, उजव्या बाजूला तीन फळ्यांवर पेटी, तबला-डग्गा आणि किरकोळ सामान. माल उपनगरातल्या एका विक्रेत्याकडून मागवला. त्यानं सगळे भाग मापानुसार कापून, दोन्ही बाजूंनी मायका चिकटवून, कडांना पट्टी मारून पाठवले. सोबत कडक काच, स्टीलच्या बिजागऱ्या आणि आतला ओलावा आटोक्यात ठेवणारं म्हणून विकलेलं ‘ह्युमिडिटी कंट्रोल युनिट’ही होतं. बिलावर लिहिलं होतं ‘18 मिमी मरीन, 710’, म्हणजे पाण्याला टिकणारं, 710 क्रमांकाच्या मानकाचं प्लायवूड. पहिल्याच पावसाळ्यात तळाच्या फळीची कड फुगून पट्टी सुटली, बिजागरीचे स्क्रू जागेवरच फिरू लागले आणि डग्ग्याच्या पुडीवर बुरशीचे पांढरे ठिपके आले. विचारल्यावर विक्रेत्याचं उत्तर होतं, ‘मुंबईची हवाच तशी.’

दोष हवेचा नव्हता, मालाचा होता. ही फसवणूक अगदी ठरलेल्या पद्धतीनं होते, म्हणून ती एकेक पायरी उलगडून सांगतो आहोत.

मूळ युक्ती कटिंगमध्ये आहे. प्लायच्या शीटवर आयएसआय मार्क असतो, त्याच्यावर मानकाचा क्रमांक आणि खाली सीएम/एल पासून सुरू होणारा परवाना क्रमांक. मरीन प्लायचं मानक आयएस 710, साध्या वापराच्या, म्हणजे बाजारात कमर्शियल म्हणतात त्या प्लायचं आयएस 303. हा शिक्का शीटवर एखाद-दोन जागीच असतो. आठ बाय चारची शीट कापली, दोन्ही अंगांनी मायका चढवला आणि कडा झाकल्या, की हातातला तुकडा 710 चा की कमर्शियल, हे सांगणारं काहीच उरत नाही. घरी काम करणाऱ्याकडे मोठी करवत नसते, जागाही नसते, म्हणून तो ‘कापूनच द्या’ म्हणतो. विक्रेत्याला नेमकं हेच हवं असतं. दोन्ही प्रतींच्या दरात दीडपट ते दुपटीपर्यंत फरक पडतो, तो सगळा त्याच्या खिशात जातो.

त्यामुळे पहिला नियम: शीट अख्खी असताना पाहा. रे रोडच्या वखारीतून घ्या, नाहीतर घराजवळच्या दुकानातून घ्या, कटिंग आपल्या डोळ्यांसमोर झालं पाहिजे. मोबाइलवर भारतीय मानक ब्युरोचं ‘बीआयएस केअर’ ॲप उघडून शिक्क्यावरचा सीएम/एल क्रमांक टाका. परवाना चालू आहे का, कोणाच्या नावावर आहे आणि कोणत्या मानकासाठी आहे, हे तिथं दिसतं. ॲपमधलं नाव आणि शीटवरचं नाव वेगळं निघालं तर तिथूनच परत फिरा. कापताना शिक्क्याचा भाग उरलेल्या तुकड्यात येईल असा नकाशा करा आणि तो तुकडा बिलाबरोबर जपून ठेवा. मायका नंतर चिकटवा, तोही स्वतः. फेव्हिकॉल आणि रात्रभर ठेवलेलं वजन एवढ्यावर हे काम होतं.

कटिंगचा नकाशा आधीच हातात असला तर दुसरी चोरीही टळते. या कपाटाला 18 मिमीच्या नेमक्या दोन शीट आणि पाठीला 6 मिमीची एक शीट लागते. पहिल्या शीटमधून 72 बाय 22 इंचाच्या दोन्ही बाजू निघतात आणि उरलेल्या दोन फुटांत दोन फळ्या बसतात. दुसरीच्या एका पट्ट्यात मधला उभा भाग (साधारण साडेसत्तर इंच) आणि तिसरी फळी, दुसऱ्या पट्ट्यात माथा आणि तळ, प्रत्येकी साडेसेहेचाळीस इंचांहून जरासे जास्त. करवतीच्या दर कापाला तीन-चार मिलिमीटर जातात, ते धरूनही सगळं बसतं. बिलात मात्र 18 मिमीच्या तीन शीट लावल्या होत्या. तिसरी ‘वेस्टेज’मध्ये गेली, असं सांगण्यात आलं. तुकडे मागितले, तर एकही मिळाला नाही.

जाडी व्हर्नियर कॅलिपरनं मोजा, मापपट्टीनं नाही. अठराच्या नावाखाली सोळाची शीट सर्रास दिली जाते आणि दोन मायक्यांच्या जाडीत ती खपून जाते. मग कडेकडे नीट पाहा. चांगल्या प्लायचे थर सलग असतात. हलक्या मालात आतल्या थरांच्या जोडात पोकळ्या राहतात आणि त्या लांबी (पुट्टी) भरून, वर लाल रंग फासून लपवलेल्या असतात. टोच्यानं कड टोचली तर लांबी खडूसारखी सुटते. वरून बोटाच्या पेराने ठोकत जा. भरीव आवाज मध्येच पोकळ झाला तर तिथे थर नाही. आमच्या कपाटाच्या बिजागरीचा स्क्रू नेमका अशाच पोकळीत गेला होता. काढून पाहिला तर त्याच्या आट्यांवर लाकडाचा तंतू नव्हता, फक्त पांढरी भुकटी होती. अशा जागी लांब स्क्रू घातल्यानं काही होत नाही, कारण धरायला लाकूडच नाही.

उकळून पाहण्याची चाचणी घरी करता येते. दोन इंचाचा तुकडा टाकाऊ भांड्यात, खिडकी उघडी ठेवून, तीन-चार तास उकळा. ते भांडं पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका. कमर्शियल प्लायचे थर बहुधा सुटतात, कडा पुस्तकाच्या पानांसारख्या उघडतात. आमच्या कपाटातून कापलेला तुकडा असाच उघडला. मात्र उलट अर्थ काढू नका: तुकडा टिकला म्हणजे तो 710 चा, असं होत नाही, कारण त्या मानकात 72 तास उकळण्याची कसोटी आहे. थरांमधली डिंकाची रेघ गडद दिसते म्हणून माल चांगला, असंही दुकानदार सांगतात. डिंकात रंग मिसळता येतो, त्यामुळे तो पुरावा धरू नये.

आता त्या ‘युनिट’कडे वळू. पैसे सगळ्यात जास्त तिथेच लुटले जातात आणि वाद्यांचं नुकसानही त्यानंच होतं. कपाटाच्या माथ्यावर काळा डबा, पुढे निळा दिवा आणि ओलाव्याच्या टक्क्यांचा आकडा दाखवणारी छोटी पट्टी, म्हणजे मीटर. आकडा कायम 48 ते 52 मध्ये. बाहेर पाऊस कोसळतोय, खोलीत भिंतीला ओल आली आहे, तरी आत पन्नास. मागची पट्टी चार स्क्रू काढून उघडली, तेव्हा आत 12 व्होल्टचा संगणकातला पंखा, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलची साधारण 50 ग्रॅमची पुडी आणि दिव्याला जाणारी वायर, एवढंच निघालं. पंखा खोलीतली दमट हवा आत ओढत होता. म्हणजे बंद कपाटाचा जो थोडा फायदा झाला असता, तोही या यंत्रानं घालवला.

असं यंत्र विकत घेण्याआधी एकच प्रश्न विचारा: काढलेलं पाणी जातं कुठे? हवा कोरडी करणाऱ्या यंत्रातून पाणी बाहेर पडायलाच हवं, मग ते ट्रेमध्ये साठो, नळीतून जावो किंवा आतलं जेल तापवून वाफ बाहेर सोडली जावो. ज्यात यातलं काहीही नाही, ते यंत्र काही काढत नाही. हिशेबही सोपा आहे. 30 अंश तापमानाला एका घनमीटर हवेत जास्तीत जास्त 30 ग्रॅमच्या आसपास वाफ मावते. हे कपाट सव्वा घनमीटरचं. ओलावा 80 टक्क्यांवरून 50 वर आणायचा तर फक्त आतल्या हवेतूनच 11 ग्रॅम पाणी काढायला हवं, आणि 50 ग्रॅम जेल तेवढ्यातच भरतं. त्यानंतर दार एकदा उघडलं की सगळं मूळपदावर येतं. शिवाय प्लाय, चामडं, भोपळा, पेटीचा भाता यांनी धरून ठेवलेलं पाणी वेगळंच.

मीटर खरं बोलतं का, हे स्वयंपाकघरातल्या मिठानं तपासा. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, ओल्या वाळूइतपत भिजेल एवढेच थेंब पाणी घाला, मीठ विरघळू देऊ नका. झाकण आणि मीटर एकाच झिपच्या पिशवीत बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी आकडा 75 च्या जवळ यायला हवा. एक-दोन इकडेतिकडे चालतात, कायम तेवढाच फरक पडत असेल तर तो लक्षात ठेवून वाचन करा. आमचं मीटर मिठाच्या पिशवीतही 51 दाखवत राहिलं. ते काही मोजतच नव्हतं.

लाकडी वाद्यांना 45 ते 55 टक्के ओलावा मानवतो. मुंबईत जून ते सप्टेंबर तो 80 च्या वर असतो, म्हणून कपाटाला जादू चिकटवण्यापेक्षा खोली कोरडी ठेवणं बरं. पाण्याची टाकी असलेला डीह्युमिडिफायर दारं-खिडक्या लावून चालवा. टाकीत रोज जमणारं पाणी हाच त्याचा पुरावा. कपाट पावसाच्या माऱ्याच्या भिंतीला टेकवू नका, मागे दोन इंच आणि खाली चार इंच मोकळे सोडा. किलो-दोन किलो जेल जाळीच्या डब्यात ठेवून आलटून पालटून ओव्हनमध्ये 120 अंशांवर दोनेक तास सुकवलं तर त्याची मदत होते. पाणी साठवणारे पांढऱ्या खड्यांचे डबे मात्र वाद्यांपाशी नकोत, कारण ते पाणी खारट असतं आणि कलंडलं तर तारा गंजतात आणि पेटीच्या सुरांच्या पट्ट्या खराब होतात.

तयार शोकेस विकणारेही याच बाजारात आहेत आणि त्यांचा खोटेपणा मापात असतो. ‘तानपुऱ्यासाठी खास’ म्हणून चौदा-सोळा इंच खोलीचं कपाट दाखवतात. मोठ्या पुरुषी तानपुऱ्याचा भोपळा 54 ते 60 इंच घेराचा असतो, म्हणजे आरपार 17 ते 19 इंच. अशा कपाटात तो तिरका करून कोंबावा लागतो आणि दार लावताना तबलीवर (भोपळ्यावरच्या लाकडी झाकणावर) किंवा खुंट्यांवर दाब येतो. भोपळ्याला तडा गेला तर दुरुस्तीला मिरजेची वाट धरावी लागते. आतली खोली, दार लावल्यानंतरची, स्वतः मोजा. मिळालेल्या कपाटाच्या बाहेरच्या मापावर जाऊ नका.

काचेबद्दल थोडक्यात. कडक केलेली काच नंतर कापता येत नाही, भोकही पाडता येत नाही. विक्रेता ‘घरी येऊन जरा घासून देतो’ म्हणाला, तर ती साधी काच आहे. कोपऱ्यात काचेतच उमटवलेला शिक्का शोधा. नखानं निघणाऱ्या स्टिकरला किंमत नाही. पोलराइज्ड गॉगल घालून तिरकस पाहिलं तर कडक काचेत ठिपके किंवा पट्टे दिसतात. दाराला 5 मिमी काच पुरते.

गिटार भिंतीला टांगायच्या हुकांतही गंडवतात. ‘दहा किलो पेलतो’ ही हुकाची ताकद झाली, भिंतीची नव्हे. आतलं प्लास्टर 12 ते 15 मिमी असतं, आणि सोबत येणारा इंचभराचा स्क्रू अर्ध्याहून जास्त त्यातच राहतो. 8 मिमीचं भोक, त्याच मापाचा प्लग, 50 मिमीचा स्क्रू असं घ्या. नव्या टॉवरमधल्या हलक्या सच्छिद्र ब्लॉकच्या भिंतीला वेगळे प्लग मिळतात, तेच वापरा. जिप्समच्या पार्टिशनवर तर आतली पट्टी सापडल्याशिवाय गिटार टांगूच नका. हुकाचं काळं रबर स्वस्तातलं असेल तर जुन्या लॅकर पॉलिशवर डाग धरतं. त्यावर सुती कापड गुंडाळा.

माल खोटा निघाला असेल तर फोनवर वाद घालत बसू नका, आधी पुरावा सांभाळा. फुगलेली कड, पोकळीतला स्क्रू, मिठाच्या पिशवीतलं मीटर, सगळ्याचे तारखेसह फोटो घ्या. न उकळलेला एक तुकडा बाजूला ठेवा. बिलावर ‘प्लायवूड’ एवढंच असेल तर त्याचा उपयोग नाही. मानक, जाडी, शीटची संख्या आणि जीएसटी क्रमांक लिहून घ्यायला हवेत. महाराष्ट्रातल्या दुकानाचा क्रमांक 27 ने सुरू होतो आणि तो जीएसटीच्या संकेतस्थळावर तपासता येतो. ‘कच्चं बिल घ्या, टॅक्स वाचेल’ असं जो म्हणतो, तो तुमचा तक्रारीचा पुरावा काढून घेत असतो.

खोट्या आयएसआय शिक्क्याची तक्रार त्याच बीआयएस केअर ॲपवरून करता येते. पैशांसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर नोंद करा आणि लेखी नोटीस पाठवा. तेवढ्यानं भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. 2019 च्या कायद्यानुसार तुम्ही जिथे राहता तिथल्या आयोगात तक्रार चालते, विक्रेत्याच्या गावी जावं लागत नाही. मुदत दोन वर्षांची, आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. जाहिरात पाहून आगाऊ पैसे पाठवले आणि फोन बंद झाला, तर मात्र सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर लगेच कळवा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम वाटेत अडवण्याची शक्यता जास्त असते.

तोवर वाद्यं त्या कपाटातून बाहेर काढा. तबला-डग्ग्यावरची बुरशी कोरड्या मऊ कापडानं शाईला धक्का न लावता पुसा, चुंबळीही उन्हात वाळवा, पण पुड्यांना थेट ऊन दाखवू नका. पेटीचा भाता उघडून हवेशीर खोलीत ठेवा.