कांपालचे आवाजाचे खांब: जा, पण रविवारी नको

पणजीत कांपालला नदीकाठी ते आवाजाचे खांब लावलेत ना, मेंदूवरून सुचलेले, तिथे दोनदा जाऊन आलो, एकदा रविवारी घरच्यांना घेऊन आणि एकदा मंगळवारी एकटाच, आणि दोन्ही वेळा इतकं वेगळं वाटलं की म्हटलं लिहूयाच.

आहे काय, तर बावीस खांब, छातीएवढे उंच, प्रत्येकात माईक, स्पीकर आणि दिवा. एक खांब म्हणजे एक न्यूरॉन, मेंदूतली निरोप पोचवणारी पेशी. (आपल्या डोक्यात साधारण ८६ अब्ज असतात, असो, बागेत किती मावणार.) जवळ जाऊन एक टाळी वाजवा, काही होत नाही. लागोपाठ तीन-चार वाजवल्या की दिवा चढत जातो आणि एकदम टण्ण! मग तो ठोका शेजारच्यांना पोचतो, ते भरत आलेले असले तर तेही वाजतात, असं करत आवाज पार टोकापर्यंत पळतो. मध्येच थांबलात तर साठलेलं गळून जातं, भोक पडलेल्या कळशीसारखं. खरा न्यूरॉन असाच वागतो, आत विजेचा दाब साधारण उणे ७० मिलिव्होल्ट, तो उणे ५५ च्या आसपास आला की उडतो, म्हणजे ठोका देतो, नाही आला तर नाही, अर्धामुर्धा प्रकार नाहीच. लापिक नावाच्या फ्रेंच माणसाने हा साठत जाऊन उडण्याचा हिशोब १९०७ मध्येच मांडलेला.

माझा भाचा चतुर्थीला आरतीत घुमट (मातीच्या घटाचं तालवाद्य) वाजवतो, त्याने खांबावर जलद ठेका धरला तर खांब मधले ठोके गिळायला लागला. "मामा, हा ताल खातोय!" म्हणून चिडला. तिथली मुलगी हसत म्हणाली, "मातशें रावात," म्हणजे जरा थांबा, आणि मग सांगितलं की न्यूरॉन एकदा उडला की क्षणभर बहिरा होतो, मेंदूत एक-दोन मिलिसेकंद, इथे आपल्या कानाला कळावं म्हणून ते ताणून अर्ध्या सेकंदावर नेलंय. पोराने ते धरलं आणि खांबाच्या गप्प बसण्यातच ठोके भरायला लागला, दहा मिनिटं लोक उभे राहून ऐकत होते. पैसे वसूल! म्हणजे तिकीट नाहीच आहे, पण तरी.

त्यानंतर गर्दी वाढली आणि सगळं बिघडलं. चार खांब उलट्या कामाचे आहेत, ते खर्जात घुमतात आणि आजूबाजूच्यांना गप्प करतात, आपल्या मेंदूच्या सालीत, म्हणजे बाहेरच्या थरातही, पाचातला एक न्यूरॉन साधारण याच कामाला असतो. पण त्यातले दोन बंद पडलेले! मग पन्नास माणसं एकदम ओरडायला लागल्यावर आवरणार कोण, चालू असलेले सगळे खांब एका दमात ठणाणा, थांबायचं नावच नाही. फिट येते तेव्हा मेंदूत बरंचसं हेच होतं म्हणे, पण तसं कुठे लिहिलेलं नाही, त्यामुळे लोकांना वाटलं मशीन खराब झालं. पाटी फक्त इंग्रजीत आणि अक्षरं मुंगीएवढी. कोकणी-मराठीत चार ओळी लिहायला काय जात होतं?

मंगळवारी मात्र मजा आली. मी, आणि लांब बाकावर एक आजोबा. ते खोकले की त्यांच्याकडचा खांब अर्धा पेटायचा, मी इकडून टाळी दिली की तो टण्णकन वाजायचा. दोनदा असं झाल्यावर आजोबा मुद्दाम खोकायला लागले.

डासांसाठी काहीतरी लावून जा आणि सातच्या आत आटपा, नंतर नदीतल्या कसिनोच्या बोटींवर गाणी सुरू झाली की काठाकडचे दोन खांब आपोआप वाजत बसतात.