जँगोमधील लॉगिन आणि सेशन व्यवस्था : वाचनालयाच्या प्रणालीत वापरून पाहिल्यावर

आमच्या तालुक्याच्या गावातील सार्वजनिक वाचनालयाच्या सभासदांना घरबसल्या पुस्तकाची मागणी नोंदवता यावी आणि आपल्या नावावरची पुस्तके व वर्गणीची मुदत पाहता यावी, यासाठी केलेली एक छोटी वेब प्रणाली मी काही वर्षे सांभाळतो आहे. तिच्यातील लॉगिनचा भाग सुरुवातीला मी स्वतः लिहिला होता आणि तो धोकादायक होता. पासवर्ड सॉल्ट (प्रत्येक पासवर्डला जोडायचा वेगळा यादृच्छिक मजकूर) न वापरता एमडी5 या कमकुवत पद्धतीने हॅश केलेले, म्हणजे मूळ शब्द परत काढता येऊ नये अशा सांकेतिक रूपात बदललेले होते. लॉगिन झाल्यावर सभासद क्रमांक तसाच कुकीत, म्हणजे ब्राउझरमध्ये साठणाऱ्या छोट्या नोंदीत, लिहिला जाई, त्यामुळे ब्राउझरमध्ये तो आकडा बदलला की दुसऱ्या सभासदाचे खाते उघडत असे. एका विद्यार्थी सभासदाने हे प्रत्यक्ष करून दाखवले, तेव्हा तो सगळा भाग काढून टाकून मी वेबसाइट उभारण्याच्या जँगो या चौकटीची (फ्रेमवर्कची) तयार व्यवस्था बसवली. हे परीक्षण जँगोच्या 5.2 या आवृत्तीवर केलेल्या कामाच्या आधारे लिहिले आहे.

जँगो ही पायथन भाषेतील मोफत, मुक्त स्रोत चौकट आहे. अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावच्या वृत्तपत्राच्या कचेरीत ती आकाराला आली आणि 2005 साली सर्वांसाठी खुली झाली. वापरकर्ते, गट, परवानग्या, लॉगिन, लॉगआउट, पासवर्ड बदलणे, विसरलेला पासवर्ड नव्याने ठरवणे आणि सेशन (लॉगिन केलेल्या वापरकर्त्याची ओळख पानागणिक लक्षात ठेवणारी नोंद) हे सारे तिच्यासोबतच येते. ते चालू करण्यास मला एक संध्याकाळ पुरली, त्यामुळे त्याविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही.

पासवर्ड साठवण्याची पद्धत मात्र सविस्तर सांगण्याजोगी आहे. जँगो पासवर्डला सॉल्ट जोडून पीबीकेडीएफ2 आणि एसएचए256 या हॅश करण्याच्या पद्धतींच्या साहाय्याने त्याचा हॅश करते आणि ही क्रिया किती वेळा फिरवायची तो आकडा प्रत्येक मोठ्या आवृत्तीत वाढवत नेते. 4.2 मध्ये तो 6,00,000 होता, 5.2 मध्ये 10,00,000 आहे. प्रत्येक हॅशसोबत त्याची पद्धत आणि आवर्तनांचा आकडा लिहिलेला असल्यामुळे जुन्या आकड्याने केलेला हॅश ओळखता येतो आणि सभासद पुढच्या वेळी लॉगिन करतो त्याच क्षणी तो नव्या आकड्याने पुन्हा तयार होतो. सभासदाला याची चाहूलही लागत नाही. माझ्याकडे जुने एमडी5 हॅश होते, आणि सॉल्ट नसलेल्या एमडी5 साठीचा तयार वर्ग (क्लास, म्हणजे कोडचा एक घटक) 5.1 पासून काढून टाकलेला आहे. तरीही एक लहानसा वर्ग लिहून मला सर्व जुन्या हॅशांवर एका रात्रीत पीबीकेडीएफ2 चे आवरण चढवता आले. ज्या सभासदांनी वर्षभर लॉगिन केलेले नव्हते, त्यांचेही पासवर्ड त्या रात्रीपासून सुरक्षित झाले आणि एकाही सभासदाला नवा पासवर्ड ठरवण्यास सांगावे लागले नाही. ही सोय मला सर्वांत मोलाची वाटली. याची किंमत प्रोसेसरच्या वेळात मोजावी लागते. आमच्या लहान सर्व्हरवर लॉगिनच्या वेळी किंचित थांबणे जाणवते, आणि ते मी आनंदाने स्वीकारतो. आणखी एक बारकावा असा की, दिलेल्या नावाचा वापरकर्ता अस्तित्वात नसला तरी जँगो एकदा हॅश करून घेते, म्हणजे उत्तर येण्यास लागणाऱ्या वेळावरून कोणते खाते खरे आहे याचा अंदाज बांधणे अवघड जाते. हे मला स्वतःला कधीही सुचले नसते.

सेशनची रचना साधी आहे. ब्राउझरकडे एक यादृच्छिक किल्ली तेवढी जाते आणि बाकीची माहिती डेटाबेसमधील एका तक्त्यात राहते. लॉगिन होताच जुनी किल्ली बदलून नवी दिली जाते, त्यामुळे कोणी आधीच ठरवलेली किल्ली एखाद्याच्या ब्राउझरमध्ये घुसवून ठेवली असली तरी तिचा उपयोग होत नाही. लॉगआउट केल्यावर सेशनची नोंद सर्व्हरवरूनच पुसली जाते. शिवाय पासवर्डच्या हॅशपासून काढलेली एक खूण सेशनमध्ये ठेवलेली असते आणि प्रत्येक विनंतीच्या वेळी ती ताडून पाहिली जाते. सभासदाने घरी पासवर्ड बदलला की अन्यत्र उघडी राहिलेली त्याची सर्व सेशन्स आपोआप निकामी होतात आणि ज्या ब्राउझरमधून बदल केला तेथील सेशन तेवढे चालू राहते. वाचनकक्षातील सामायिक संगणकावर खाते उघडेच ठेवून घरी गेलेल्या एका आजोबांना मी दूरध्वनीवरून एवढेच सांगितले की, पासवर्ड बदला, म्हणजे तिकडचे खाते बंद होईल. आणि तसेच घडले.

त्या सामायिक संगणकाने मला सेशनच्या मुदतीचा खरा अर्थही शिकवला. मूळ मुदत 2 आठवड्यांची असते आणि ती सेशनमध्ये शेवटचा बदल झाला तेव्हापासून मोजली जाते. नुसती पाने पाहत राहिल्याने ती पुढे सरकत नाही. त्यामुळे 20 मिनिटे हालचाल नसेल तर सेशन संपवायचे असे ठरवून केवळ मुदत कमी केली, तर देवघेव विभागात सलग काम करणारी व्यक्तीही काम चालू असतानाच बाहेर फेकली जाते. त्याकरिता प्रत्येक विनंतीला सेशन जतन करण्याचा पर्याय चालू करावा लागतो. ब्राउझर बंद होताच सेशन संपवण्याचा पर्यायही आहे, परंतु काही ब्राउझर मागील पाने पुन्हा उघडताना अशा कुकीही जिवंत ठेवतात, म्हणून सामायिक संगणकासाठी मी त्यावर विसंबत नाही. मुदत संपलेली सेशन्स डेटाबेसमधून आपोआप निघत नाहीत, त्यासाठीची साफसफाईची आज्ञा वेळापत्रकात लावावी लागते. सही केलेल्या (बदल केल्यास ओळखू येईल अशा) कुकीतच संपूर्ण सेशन ठेवण्याची सोय मी मुद्दाम टाळली, कारण त्या कुकीतील माहिती कोणालाही वाचता येते आणि लॉगआउटनंतरही तिची जुनी प्रत सर्व्हरला रद्द करता येत नाही.

मराठी वापरकर्त्यांसाठी प्रणाली करणाऱ्यांनी पुढील दोष आवर्जून तपासावा. वापरकर्त्याच्या नावात युनिकोड (सर्व लिप्यांची अक्षरे संगणकात लिहिण्याची प्रमाणित पद्धत) अक्षरे चालतील असे जँगो सांगते, आणि ‘कमल’ किंवा ‘भरत’ ही नावे ती स्वीकारतेही. परंतु ‘सुनीता’, ‘संजय’, ‘विठ्ठल’ ही नावे नाकारते आणि केवळ अक्षरे, अंक व ठरावीक चिन्हेच चालतील असा संदेश दाखवते. याचे मूळ पायथनच्या नियमित पदावलीत (रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे मजकुराचा नमुना तपासण्याची भाषा) आहे. तिच्या लेखी अक्षर म्हणजे युनिकोडमधील वर्ण किंवा अंक. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि हलन्त ही तिच्या दृष्टीने अक्षरे नाहीतच. आपले नाव बरोबर लिहिलेल्या माणसाला ‘यात अक्षरे नाहीत’ असे सांगणारी प्रणाली मला वाचनालयात नको होती. स्वतःचा तपासणी-नियम लिहून हे दुरुस्त करता येते, पण चूक लक्षात येण्यासाठी कोणीतरी मात्रा असलेले नाव टाइप करून पाहिलेले असावे लागते. नावाच्या बाबतीत एक गोष्ट चांगली आहे: ‘ऱ’ एकाच संकेताने लिहिला काय किंवा ‘र’ आणि नुक्ता (अक्षराखालचा बिंदू) मिळून लिहिला काय, जतन करताना दोन्हींचे एकच रूप केले जाते. पासवर्डवर मात्र असे एकरूपीकरण होत नाही. त्यामुळे देवनागरीत पासवर्ड ठेवणाऱ्या सभासदाचा मोबाइलवरील आणि संगणकावरील कळफलक वेगवेगळे संकेत देत असतील, तर योग्य पासवर्डही चुकीचा ठरू शकतो.

वापरकर्त्याच्या मूळ नमुन्यात (मॉडेलमध्ये, म्हणजे डेटाबेसमधील नोंदीच्या रचनेत) नावासाठी दोनच रकाने आहेत, आणि आमच्या सभासदपत्रावर नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव असे तीन. मूळ नमुन्यात ईमेलही अनन्य असण्याची सक्ती नाही. स्वतःचा वापरकर्ता-नमुना ठरवण्याची सोय 1.5 या आवृत्तीपासून म्हणजे 2013 पासून आहे. परंतु तो पहिल्याच दिवशी ठरवला पाहिजे, कारण इतर तक्ते त्याच्याशी जोडले गेल्यावर तो बदलणे फार जिकिरीचे होते. आम्ही सभासद क्रमांक हेच लॉगिनचे नाव ठरवले आणि पूर्ण नाव देवनागरीत एकाच रकान्यात घेतले.

जे मिळत नाही, त्यात सर्वांत मोठी उणीव म्हणजे चुकीच्या प्रयत्नांवर कोणतीही मर्यादा नसणे. लागोपाठ हजार पासवर्ड टाकून पाहणाऱ्याला जँगो स्वतःहून अडवत नाही. त्यासाठी मी जँगो-अ‍ॅक्सेस (django-axes) हे वेगळे पॅकेज जोडले आणि केवळ आयपी पत्त्यावरून (इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून) अडवण्याऐवजी आयपी व सभासद क्रमांक या जोडीवरून अडवण्याची रचना ठेवली, नाहीतर एका सभासदाच्या चुकीमुळे वाचनालयाच्या वायफायवरील सर्वांनाच कुलूप लागले असते. दुसरी अडचण पासवर्ड विसरल्यावर येते. मिळणारी लिंक 3 दिवस चालते, एकदा वापरली की निरुपयोगी होते आणि ईमेल नोंदलेला आहे की नाही हे उघड करत नाही, हे सारे उत्तमच आहे. परंतु ती ईमेलवरच जाते, आणि आमच्या कित्येक ज्येष्ठ सभासदांकडे ईमेल नाही. मोबाइलवर ओटीपी पाठवण्याची सोय अंगभूत नसल्यामुळे सध्या असे सभासद ग्रंथपालांकडे येऊन, ओळखपत्र दाखवून नवा पासवर्ड घेतात. सेशनची कुकी केवळ एचटीटीपीएसवरूनच (सांकेतिक रूपात माहिती नेणाऱ्या सुरक्षित जोडणीवरूनच) जावी ही अटही मूळ मांडणीत बंद असते. प्रणाली खुली करण्यापूर्वी तपासणीची आज्ञा (check) तैनातीच्या पर्यायासह (--deploy) चालवली, तर तसा इशारा मिळतो. ती चालवल्याशिवाय कोणीही पुढे जाऊ नये.

जुन्या आवृत्तीवरून येणाऱ्यांना लॉगआउटची साधी लिंक 5.0 पासून चालत नाही असे आढळेल. तेथे फॉर्म वापरून पोस्ट विनंती पाठवावी लागते. परक्या पानावरील एखाद्या चित्राच्या पत्त्यानेही लॉगआउट घडवता येऊ नये, यासाठी हा बदल आवश्यकच होता. 5.1 मध्ये आलेला, प्रत्येक पानाला लॉगिनची अट लावणारा मिडलवेअर (विनंती पानापर्यंत पोहोचण्याआधी तपासणारा घटक) मी लगेच वापरला. पूर्वी प्रत्येक पानावर अट वेगळी लिहावी लागे, आणि दंडाच्या नोंदींचे एक पान माझ्याकडून तसेच उघडे राहिले होते. आता उघडी ठेवायची पानेच तेवढी नोंदवावी लागतात. आमच्याकडे त्यांत पुस्तकांची सूची आणि वाचनालयाच्या वेळा ही पाने येतात.